खुडायचा राहिलेला तुरा

शिंप्यानं कात्री तुऱ्याला लावली आणि परत खिशात घातली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. बायको दुपारी दवाखान्यातून घरी यायची होती आणि गॅलरीतल्या अकरा कुंड्यांपैकी मधल्या कुंडीतलं कोलियस फुलावर आलं होतं. निळसर, बारीक, वीतभर तुरा.

तिच्या राज्यात हा गुन्हाच. कोलियस पाळायचं ते पानांसाठी, असं तिचं म्हणणं. किरमिजी पानं, पोपटी कडांची, जांभळ्या शिरांची. फूल म्हणजे नुसता दिखावा. तुरा आला की झाडाचा सगळा जीव तिकडे जातो, पानं फिकी पडतात, खोड काटकुळं होतं आणि बघता बघता झाडाचा कारभार आटोपतो. म्हणून तुरा डोकावला रे डोकावला की ती नखानं खुडायची. शेजारीण थट्टेनं म्हणायची, हिच्या घरी फुलायला बंदी आहे.

तीन आठवडे खाटेवर पडल्या पडल्या तिनं फोनवरून कुंड्या सांभाळल्या. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारी आडोशाला सरकवा, मातीत बोट घालून ओल बघा आणि मगच पाणी घाला. शिंप्यानं सगळं मापात केलं. तुरा तेवढा त्याच्यानं खुडवेना. वर येऊ बघणारं काही आपल्या हातानं तोडायचं म्हटलं की त्याचा हात मागे यायचा.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आता इलाज उरला नाही, घरी न्या, फार तर दोन महिने. मग त्यानं मुलीला बजावलं, आईला यातलं अक्षर कळता कामा नये. अशक्तपणा आहे, खाण्यापिण्यानं भरून निघेल, एवढंच सांगायचं. हे वाक्य त्यानं इतकं घोकलं की त्याला स्वतःलाच ते थोडंफार खरं वाटायला लागलं.

ती आली. पार अर्धी झाली होती. मुलीनं तिला धरून गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः औषधं आणायला खाली गेली. शिंप्यानं आपलं वाक्य म्हणून टाकलं. बायकोनं नुसतं हं केलं. तिची नजर एकेका कुंडीवरून फिरत मधल्या कुंडीपाशी थांबली. आता आपली खरडपट्टी निघणार, हे ओळखून त्यानं घाईघाईनं कात्री काढली.

तिनं त्याचं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, तरी तो थांबला.

"राहू दे," ती म्हणाली. "बी धरू दे त्याला. फांद्या पाण्यात ठेवून मुळं फुटायची वाट बघणं तुम्हाला जमायचं नाही. बी काय, मातीवर भुरभुरलं की झालं. रंग हेच येतील असं नाही. पण झाडं येतील. पुढच्या वर्षी तुम्हाला लागतील."

"मला कशाला? तू आहेस की," तो म्हणाला. आणि पुन्हा तेच, अशक्तपणाचं.

तिनं त्याच्याकडे बघितलं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"अहो, डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बोलावलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सदरा उलटा घालून आलात. जन्मभर लोकांचे कपडे शिवणारा माणूस, आणि सगळ्या शिवणी बाहेर. मग मला आणखी कुणी काय सांगायचं?"