खालची प्रत

दिवाळीनंतर द्वारका आई-बापासोबत ऊसतोडीला गेली आणि औरंगाबादेत नववीच्या बाकावर मीनाक्षी एकटी उरली. शाळेच्या समाजसेवेसाठी तिनं एकच काम धरलं: वहीत कार्बन घालून धडे नि त्यांखालचे प्रश्न उतरवायचे आणि खालची प्रत टपालानं द्वारकेला धाडायची. भूगोलाच्या तासाला कंटाळून तिनं समासात फुली-गोळ्याची चौकट आखली, कोपऱ्यात फुली मारली. गोळा काढायला शेजारी कुणीच नव्हतं. खाली कार्बन होता हे पाकीट गेल्यावर आठवलं. महिन्यानं बाईंनी तिला उभं केलं. "द्वारकेची उत्तरं आलीत. ही तुझी समाजसेवा?" मीनाक्षीनं घाबरत कागद घेतला; तिचीच खालची प्रत. सगळे प्रश्न सोडवलेले, कडांना उसाच्या रसाचे डाग आणि चौकटीत मधोमध ठसठशीत गोळा. खाली लिहिलं होतं, "मीने, आता तुझा डाव. इथं खेळायला कुणीच नाय." मीनाक्षीला हसू आवरेना. चौकट निरखत बाई कुजबुजल्या, "समोरचा कोपरा धर."