मास्तरांची पट्टी

मास्तरांच्या स्मरण-उपासनेला त्यांची मुलगी सुवार्ता प्रथमच चर्चची बाजाची पेटी वाजवायला बसली. मंडळीतल्या प्रत्येक लग्नाला आणि मातीला मास्तर हीच पेटी घेऊन जायचे. त्यांच्या आवडीचं गीत आज चुकू नये, एवढंच तिला हवं होतं.

घरी सराव केलेल्या, स्वतःच्या गळ्याला जुळणाऱ्या पट्टीत तिनं सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला पुढच्या बाकावरच्या आज्या गप्प झाल्या. तिची बोटं थबकली.

"अगं पोरी, एवढ्या वर कुठं चाललीस?" रूथआजी म्हणाल्या. "आमचे गळे थकले, तसा तुझा बाप पट्टी उतरवत गेला. शेवटी एवढ्या खाली त्याचाच आवाज पोचेना, म्हणून नुसता वाजवायचा!"

बाबांनी गाणं का सोडलं, हे तिला आज कळलं. तिनं पट्टी उतरवली. पुढचा बाक सगळ्यांच्या आधी गाऊ लागला.