डावं बटण

"नीलम, एवढं जरा वाचून सांग गं," रवळू म्हणाला आणि टीव्हीसमोरून बाजूला सरकला.

नुकतेच सात वाजले होते. नीलम शेजारची, कन्नड शाळेत शिकवणारी. गॅसवर कुकर ठेवून तशीच आली होती. पडद्यावर चार ओळी होत्या आणि खाली दोन बटणं. गेला महिनाभर रोज संध्याकाळी ही पाटी रवळूला आडवी येत होती.

त्याआधी नेट गेलं होतं. रवळूने माहीत होते तेवढे उपाय करून पाहिले. डबा बंद करून चालू केला, प्लग काढून शंभर आकडे मोजले, वायर फुंकून परत बसवली, रिमोटचे सेल उन्हात ठेवले. शेवटी कनेक्शनवाला आला, त्याने सगळं पुसून नव्याने बसवलं आणि रवळूच्या बायकोच्या, नागुबाईच्या नंबरावरचं मालिकांचं जुनं खातं उघडून दिलं. तो गेला आणि टीव्हीवरची सगळी अक्षरं कन्नड होऊन बसली.

कन्नड बोलायला रवळूला काही अडचण नव्हती. बेळगावच्या भाजी मार्केटात चाळीस वर्षं तो कन्नडमध्येच भांडत आला होता. वाचायचं मात्र नाव नको. ऐन तरुणपणी पिरनवाडीला सीमाप्रश्नाच्या एका सभेत, कानडी अक्षर डोळ्यांखालून घालणार नाही, असं तो चारचौघांत बोलून बसला होता, आणि रवळूच्या तोंडून एकदा गेलं की गेलं. बस कुठली हे तो आजही कंडक्टरला विचारायचा.

पाटी आली की डावं बटण दाबायचं, म्हणजे मालिका सुरू होते, हे त्याने स्वतःच्या अकलेने शोधून काढलं होतं. त्याचा त्याला थोडा तोराही होता. मालिका खरं तर नागुबाईची. ती असताना तो नाक मुरडून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचा. ती गेल्यापासून सात वाजले की घर खायला उठायचं. त्या मालिकेतली सासू निदान मोठ्याने बोलायची तरी. आता ही रोजची कटकट कायमची मिटवावी म्हणून त्याने नीलमला हाक मारली होती.

नीलमने दोनदा वाचलं. "काका, ह्या खात्यावर दुसरा टीव्ही चालू हाय म्हणतंय. एका वेळी एकच चालतंय. तो बंद करून हितं बघायचं काय, असं विचारलंय. डावीकडं 'व्हय', उजवीकडं 'नको'."

"दुसरा टीव्ही? कुणी चोरलं की काय आमचं खातं?"

"गाव लिहिलंय." नीलमचा आवाज खाली आला. "निपाणी."

निपाणीत रवळूचं एकच माणूस होतं. तेजस्वी, त्याची लेक. तीन वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर, प्रशिकशी लग्न केलं, तेव्हा त्याने तिला घरातून बाहेर काढलं आणि आपल्या मोबाइलवर तिचा नंबरही बंद करून टाकला. नागुबाईची माती झाली त्या दिवशी ती आली होती. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तशीच परत गेली. आत ये म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती. नवऱ्याशी कधी वाद न घालणाऱ्या नागुबाईने पासवर्ड मात्र लेकीला देऊन ठेवला होता.

"मी डावं दाबलं की तिकडं काय हुतंय?"

"टीव्ही बंद पडतोय तिकडचा. परत पासवर्ड घालून आत यायला लागतंय."

"रोज?"

"रोज." नीलमने रिमोट हातात घेतला. "पासवर्ड बदलला तर परत कोण येणार न्हाय, काका. बदलू काय?"

"नको," रवळू म्हणाला.

कुकरची शिट्टी ऐकू आली आणि नीलम गेली.

एकदा लेकीला बाहेर काढलं ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण गेला महिनाभर तो रोज, सातच्या ठोक्याला, तिला पुन्हा बाहेर काढत होता. आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येत होती. रवळूला स्वतःची लाज वाटली. त्याने उजवं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

घरात कुणी बोलेना. तिकडे निपाणीत ती सासू आता ओरडत असेल आणि लेक ऐकत बसली असेल, एवढ्यावर त्याने अर्धा तास काढला. बघू दे तिला निवांत. याहून जास्त तिला द्यायला आपल्याकडे काही उरलेलं नाही, असं त्याला वाटलं.

साडेसातला देवाजवळ ठेवलेला फोन वाजला. तो नागुबाईचा फोन. त्यावर कुणाचा फोन यायचा नाही, तरी रवळू तो रोज चार्ज करायचा. पडद्यावर नागुबाईने साठवलेलं नाव होतं, तेजू. त्याने फोन कानाला लावला.

"आप्पा?" तिकडून तेजस्वीचा घाबरा आवाज आला. "रोज सातला तुम्ही मला भाईर काढता. आज काढलं न्हायसा. बरं हायसा न्हवं?"