हसण्याची साथ

कॉलरवालीला फिस्सकन हसू फुटलं आणि तिची सुई कॉलर सोडून भलतीकडेच पळाली.

शर्ट शिवण्याच्या त्या हॉलमध्ये बेचाळीस मशिनं होती आणि बोलायला बंदी होती. हसायला बंदी आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. कॉलरवालीनं ओठ गच्च दाबले, तर हसू नाकातून बाहेर आलं. ते बघून मागची खिसेवाली खुसखुसली. तिला बघून बाहीवाली. पाच मिनिटांत हसू पहिली रांग ओलांडून तिसरीत शिरलं. टोकाला धागे कापायला बसणाऱ्या मावशी, ज्यांचे दात हॉलमध्ये कुणी बघितले नव्हते, त्या पोट धरून खालीच बसल्या. "अगं, नका गं! बरगड्या दुखतायत माझ्या!"

सुपरवायझर धावत आला. "काय चाललंय? कोण काय बोललं?"

कुणीच काही बोललं नव्हतं. त्यानं शिट्टी फुंकली. घाईत शिट्टीतून नुसताच वारा आला. मग तर विचारूच नका. त्यानं रागानं मेन स्विच बंद केला. मशिनं थांबली आणि बेचाळीस जणींना एकमेकींचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला. हसण्याला आणखीच ऊत आला.

"जिनं हे सुरू केलं तिला आजच घरी बसवतो!" तो ओरडला आणि मालकांना फोन लावला. "साहेब, बायकांना वेड लागलंय. सगळ्यांना एकदम."

मालकांनी डॉक्टरीणबाई पाठवल्या. त्यांनी नाड्या बघितल्या, डोळे बघितले, चहाचं पातेलंसुद्धा हुंगलं. कशात काही नव्हतं. मग त्यांनी मावशींनाच विचारलं, "एवढं कशाचं हसू आलं?"

"मला काय ठाऊक? बाहीवाली हसली म्हणून मी हसले." मावशींनी डोळे पुसले. "घरी जरा हसलं की विचारतात, आता काय झालं दात काढायला? इथं कुणी विचारलं नाही, म्हणून सुटलेच."

बाहीवालीनं खिसेवालीकडे बोट दाखवलं. "आणि बाई, औषध नका देऊ हं. चार महिने छातीवर धोंडा होता, तो आत्ता कुठं हललाय."

खिसेवालीनं कॉलरवालीकडे बोट दाखवलं. कॉलरवालीनं शेजारी बसणाऱ्या काजवालीकडे. "ही पहिली. मान खाली, तोंडावर हात, आणि खांदे असे गदागदा हलतायत. मला कुठला दम धरवतोय?"

"सापडली!" सुपरवायझर म्हणाला.

काजवाली पांढरीफटक पडली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला, तिला कापडाच्या कोठीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर हसू विरलं. आपण बोट का दाखवलं, असं कॉलरवालीला झालं. तिला कुणाकडे बघवेना.

दहा मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरीणबाईंचं नाक लाल झालं होतं.

"साथ आहे," त्या सुपरवायझरला म्हणाल्या. "कुणापासून सुरू झाली ते सांगता येत नाही, तेव्हा कुणालाही घरी बसवायचं नाही. रोज दुपारी अर्धा तास मशिनं बंद ठेवा आणि यांना बोलू द्या. नाहीतर पुन्हा उसळेल. मालकांना मी लिहून देते."

सुपरवायझर दोन पावलं मागं सरला. "मलाही होईल का हो?"

"झाली तर बरंच आहे," बाई म्हणाल्या आणि कागदावर सही करून गेल्या.

पहिला अर्धा तास तिथंच सुरू झाला. पण सवयच नव्हती, कुणाला बोलायला सुचेना. शेवटी कॉलरवाली स्टूल ओढत काजवालीजवळ आली. "चुकलं गं माझं. पण सांग तरी, एवढं कसलं हसू आलं होतं?"

सगळ्याजणी पुढं सरकल्या. काजवालीनं पदरानं नाक पुसलं. तिच्या ओठांचे कोपरे आपोआप वर चालले होते.

"हसू कसलं डोंबलाचं! आई जाऊन तीन महिने झाले माझी. घरात एक खोली आणि सात माणसं, बसमध्ये उभं राहायला जागा नाही. म्हटलं, इथं मशिनच्या आवाजात तरी पोटभर रडून घ्यावं. तर धड रडूसुद्धा दिलं नाहीत, मेल्यांनो!"