बासष्ट वर्षांचं बरोबर उत्तर

“हाउ लाँग हॅव यू लिव्ड इन ग्वालियर?” हॉटेलच्या मॅनेजरने विचारलं.

संभाजीराव जगदाळे मनातल्या मनात हसले. नेमका हाच प्रश्न! याच प्रश्नावर जयेंद्रगंजातल्या इंग्रजीच्या क्लासमध्ये त्यांची शोभा झाली होती. त्यांनी बेधडक सांगितलं होतं, “आय हॅव लिव्ड इन ग्वालियर फॉर टू हंड्रेड इयर्स.” सगळा वर्ग खो खो हसला. शिकवणारी गरिमा, वयाने त्यांच्या लेकीएवढी, म्हणाली, “अंकल, खानदान की नहीं, अपनी बताइए.”

तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. यात हसण्यासारखं काय होतं? त्यांच्या घरात सगळे असंच बोलत. “आम्ही शिंद्यांच्या लष्कराबरोबर इथं आलो,” असं आजोबा सांगायचे, कालच घोड्यावरून उतरल्यासारखे. खरं तर आजोबांचे पणजोबा आले होते. पण तसं फोड करून सांगायची गरज कुणाला वाटली नाही. आलो म्हणजे आलो! मधल्या पिढ्या काय वजा करायच्या?

पण ही नोकरी हवी होती. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गेटवर पहारा दिला होता. पाहुण्यांना जुनं शहर फिरवून दाखवायचं, हे काम आपल्यासाठीच निघालंय असं त्यांना वाटत होतं. गल्ल्या पायाखालच्या, गोष्टी तोंडपाठ. अडत होतं ते फक्त इंग्रजीपाशी. म्हणून तीन महिने पोराटोरांच्या बाकावर बसून त्यांनी ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ घोकले. राग गिळला. आणि आज न अडखळता, गरिमाने शिकवलं तस्संच म्हणाले,

“आय हॅव लिव्ड इन ग्वालियर फॉर सिक्स्टी-टू इयर्स.”

“व्हेरी गुड!” मॅनेजरने फॉर्म पुढे ओढला आणि तो आडनावावर थबकला. “जगदाळे? मतलब, आप महाराष्ट्र से हैं.”

“नहीं साहब, यहीं का हूँ. महाराष्ट्र तो बस दो बार गया हूँ, शादियों में.”

“बुरा मत मानिए, अंकल. हमारे गेस्ट को लोकल आदमी चाहिए. असली ग्वालियर वाला.”

संभाजीरावांची कानशिलं तापली. हा आत्ता मार्चमध्ये दिल्लीहून बदलून आलेला माणूस. टोपी बाजार कुठल्या बाजूला हेही याला विचारावं लागत असेल. आणि हा ठरवणार, असली कोण ते! त्यांनी खुर्ची मागे सारली. ते उठले.

दाराशी काउंटरवर हॉटेलची गुळगुळीत पत्रकं रचून ठेवली होती. वर चित्र होतं, शिंदेशाही पगडी घातलेल्या घोडेस्वाराचं. खाली इंग्रजीत एक ओळ. संभाजीरावांनी बोट ठेवून ती वाचली. ‘दीज फॅमिलीज हॅव लिव्ड हिअर फॉर टू हंड्रेड इयर्स.’ त्यांचंच वाक्य. छापलेलं, आणि त्याला कुणी हसलेलं नव्हतं.

ते माघारी फिरले. पत्रक मॅनेजरच्या पुढ्यात ठेवून त्यांनी त्या पगडीवर बोट टेकवलं.

“ये कौन लोग हैं, साहब?”

मॅनेजरने पत्रकावर नुसती नजर टाकली.

“ये? ये तो यहाँ के लोकल हैं.”