मशीनशिवाय आइस्क्रीम

"आइस्क्रीमला मशीनबिशीन काही लागत नाही हो! डबा फ्रीजरमध्ये ठेवा आणि खुशाल ताणून द्या," नवरोबा पाहुण्यांपुढे फुशारक्या मारायचा. तो ताणून द्यायचा हे खरंच. पण बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून बायको दर अर्ध्या तासाने डबा काढून मिश्रण हाताने घोटत बसायची. शेवटी तिचं मनगट सुजलं आणि ती विश्रांतीला माहेरी गेली.

नेमके तेव्हाच साहेब जेवायला आले. याने स्वतः केलेल्या आइस्क्रीममध्ये साहेबांचा चमचा वाकला. "फ्रीजच भिकारडा निघाला," म्हणत याने नवा फ्रीज आणला आणि साहेबांना पुन्हा बोलावलं.

तोवर बायको परतली होती, मनगटाला पट्टी बांधून.

"अहो, आज जरा तुम्ही घोटता का? हात उचलवत नाहीये."

"नव्या फ्रीजला कशाला लागतंय घोटायला? उगाच कामं वाढवून ठेवतेस!"

चारचौघांत पुन्हा शोभा नको, म्हणून तिने दिवसभर डाव्या हाताने घोटलं. आइस्क्रीम लोण्यासारखं झालं. साहेबांनी दोनदा मागून घेतलं.

साहेब गेल्यावर नवरोबा भरल्या डोळ्यांनी स्वयंपाकघरात आला आणि तिच्यादेखत फ्रीजच्या पाठीवर थाप मारून म्हणाला,



"शाब्बास रे, पठ्ठ्या! लाज राखलीस."