खडूची नावं

उद्या सकाळी गाडी येणार होती आणि पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती.

निशिगंधाने आधी माप घेतलं. पडवी नऊ फूट रुंद, सोळा फूट लांब. तिच्या नवऱ्याने, हरेशने, कल्याणहून घेतलेली जुनी मारुती अकरा फुटांची. सामान हललं तर मावत होती. तिने खडू घेतला आणि एकेक वस्तू उचलून सासूला दाखवायला सुरुवात केली.

"आई, ही शिडी आपली?"

"ती कमळूची." सकुबाई जोत्यावर बसून बाजाराची पिशवी झटकत होती.

"पहार?"

"रघूची."

"आणि हे घमेलं?"

"लहानीचं. आपली दोन आत हायेत."

निशिगंधाने शिडीवर लिहिलं, कमळू. पहारीच्या डोक्याशी, रघू. घमेल्याच्या बुडावर, लहानी. तासाभरात सतरा वस्तूंवर नावं पडली, अकरा घरांची. स्वतःच्या घराच्या वस्तू निघाल्या सहा. सुनेचं अक्षर वळणदार आहे, एवढंच सकुबाईच्या मनात आलं. ती टोकावड्याच्या बाजाराला गेली.

दुपारी परत आली तेव्हा पडवी लख्ख झाडलेली होती. खुंट्यांवर सहा वस्तू ओळीने टांगल्या होत्या. मधली जमीन मोकळी.

"सामान कुठाय?"

"ज्याचं त्याला देऊन आले." निशिगंधाचे हात कोपरापर्यंत धुळीने भरले होते आणि चेहरा खूश होता. "उगाच पडून होतं, आई. कमळूकाकांची शिडी तर ह्यांच्या दहावीपासून इथं होती म्हणे."

"काय म्हणला कमळू?"

"आधी शिडीवरचं नाव बघितलं. मग विचारलं, शेत विकताय का? मी हसले. म्हटलं, नाही हो, गाडी येतेय." तिला जसंच्या तसं सांगायची सवय होती. "तर म्हणाले, बरं. यंदा लावणीला आमचं काय जमायचं नाय, सांग तुझ्या सासूला."

"अन् रघू?"

"ते नव्हते. त्यांच्या बायकोनं आपल्याकडून नेलेला मोठा टोप काढून दिला. मी मागितला नव्हता. त्याही म्हणाल्या, लावणीचं बघू."

सकुबाईने पिशवी खाली ठेवली. तीन एकर भात होतं. दर पावसाळ्यात अकरा घरची माणसं सावडीने चार दिवस तिच्या खाचरात वाकायची आणि मग ती त्यांच्या खाचरात. मजुरीवर आता माणूस मिळत नव्हता. तरणे हात वाशिंदच्या कारखान्यांत होते. हरेश स्वतः सहाच्या एसटीने कामावर निघायचा. रोप तयार झालं की कुणासाठी थांबत नाही.

"तुमच्या माहेरी, वाशिंदच्या कॉलनीत कसं असतं गो?" तिने विचारलं.

"घेतलेलं परत करायचं. नाही केलं तर लोक नावं ठेवतात."

"हितं केलं तर ठेवतात."

निशिगंधाला कळायला थोडा वेळ लागला.

"न मागता परत दिलं म्हंजे काय?" सकुबाई म्हणाली. "म्हंजे आता आमाला तुमची गरज नाय. एका दिवसात अकरा घरांना सांगून आलीस, ते पण लिहून."

"मी जाऊन माफी मागते."

"माफी नको मागू. त्यानं नसलेलं भांडण खरं व्हतं. घमेलं माग. लहानीपासून सुरू कर. तिनं दिलं का बाकीचे देतील."

"पण आपली दोन आहेत."

"म्हणून तर. अडल्यावर कोण पण मागतं."

लहानी अंगणात सुकट पसरत होती. घमेलं कुंपणाच्या खांबावर उपडं घातलेलं, नाव रस्त्याच्या बाजूला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज वाचता यावं असं.

"काकी, घमेलं देता का?"

लहानीने मान वर केली नाही. "सकाळी तर एवढं नाव घालून आणलंस. मला वाचाया येत नाय, पण आमच्या नातीनं, मनस्वीनं वाचलं. दोनदा वाचाया लावलं मी."

निशिगंधाने खांबावरच्या घमेल्याकडे पाहिलं.

"दोन घमेली हायेत तुमच्याकडं. मला ठावं नाय का?"

"आहेत."

"मंग?"

खोटं कारण शोधायचं तिने ठरवलं होतं, पण सुचलं नाही. "मग काही नाही. तुमचं हवंय."

लहानीचा हात सुकटीवर थांबला. "अन् गाडी कुठं ठेवाल? घमेल्यात?"

"अंगणात राहील."

"पावसात?"

"पडवीत जागा उरली तर पडवीत."

लहानी हसली नाही, पण तोंडातली तंबाखू तिने या गालातून त्या गालात नेली. "बरं, आणून कधी देशील?"

निशिगंधाच्या ओठांवर 'उद्या' आलं होतं. तिने ते गिळलं.

"ते नाही सांगता येणार, काकी."

लहानी गुडघ्यावर हात टेकून उठली. खांबावरून घमेलं काढलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खडूचं नाव घासायला लागली. काना गेला, मग वेलांटी. खालचं काळं लोखंड दिसलं तरी ती थांबली नाही. त्यावर थुंकी लावून पुन्हा एकदा पुसलं, आणि मग घमेलं पुढे केलं.